आंबेनळी घाट, डावा गुडघा आणि गिअरची चौकशी

शिमग्याला महाडहून परत आले, तेव्हा गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "काय आणलंत काकू?" एरवी मी सांगते, सुकट, कोकमं, आक्काच्या हातचे तांदळाचे पापड. या वेळी सांगितलं, चौकशी आणली. गाडीला गिअर असावा की नसावा याची चौकशी. एक जण पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हटलं, हस बाई, पण डबा ठेव आणि ऐक. तुझा नंबर यायला वेळ आहे.

तिला सांगितलं तेच इथं सांगते, जरा पाल्हाळानं.

साताऱ्यात आमची पिठाची गिरणी आहे. आमचे हे मसाला आणि डाळीचं बघतात, ज्वारी-गहू माझ्याकडं. ह्यांना गाडी चालवता येत नाही आणि कुणी शिकवायला घेतलं की ह्यांना झोप येते, म्हणून गाडीही माझ्याकडं. गाडी म्हणजे सेडान, लांब डिकीची. हल्ली सगळ्यांना उंच गाड्या हव्यात. मला नको. सेडानच्या डिकीत दोन पोती आडवी झोपतात आणि आक्काला साडी सावरत गाडीत चढावं लागत नाही, नुसतं बसावं लागतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन महाडला गेली आणि तिथलीच झाली. दाजी गेल्यापासून एकटी असते, वरच्या मजल्यावर एक भाडेकरू आहे तेवढाच. तिला गाडी लागते. म्हणजे थोडंथोडकं मळमळणं नाही, पार गळून जाते. सातारा आणि महाडच्या मध्ये सह्याद्री आडवा पडलेला आहे. महाबळेश्वर चढून आंबेनळी घाट उतरा, नाहीतर भोरवरून वरंध उतरा, वळणं काही चुकत नाहीत. आई गेली तेव्हा आक्का आली होती. साताऱ्यात पोचली तेव्हा रडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. त्यानंतर ती माहेरी आली नाही. मीच जाते, शिमग्याला आणि दिवाळी झाल्यावर.

आणि यंदा माझा डावा गुडघा रुसला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, क्लच दाबणं बंद करा. मुलगा बंगळूरहून म्हणाला, आई, आता ड्रायव्हर ठेव. त्याला काय सांगू, आमच्या माहेरच्या रक्तातच ही खोड आहे. स्टिअरिंग हातात असलं की मला काही होत नाही, पण घाटात बाजूच्या सीटवर बसवलं की मीही आक्काच्याच पंगतीला. म्हणजे घाट सुटला की आक्का सुटली. फोनवर बोलत बसायचं मग दोन म्हाताऱ्यांनी.

म्हणून नवी गाडी, क्लच नसलेली. दोन शोरूम पालथे घातले. एका ठिकाणी दोन क्लचवालं ऑटोमॅटिक होतं. दुसऱ्या ठिकाणची पोरगी मोठी गोड होती. तिनं दोन्ही हातांच्या चिमट्या करून दाखवल्या. "काकू, ह्यात ठरलेले गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा. पुली रुंद-अरुंद होते तसा पट्टा वरखाली सरकतो." मी खुर्चीत पुढं सरकून बसले. पुली आणि पट्टा ही तर माझ्या घरातली गोष्ट. पण घरातली असल्यामुळंच शंका आली. जास्तीची ज्वारी एकदम सोडली की माझ्या गिरणीचा पट्टा घसरतो, चरचरतो, जळका वास सुटतो. मग मी त्याला राळ लावते. तिला विचारलं, घाटात चार माणसं आणि दोन पोती घेऊन चढताना तुमचा पट्टा घसरला तर राळ कोण लावणार? तिनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं कॉफी मागवली.

मी सांगून टाकलं, शिमग्याला आंबेनळी उतरते, तिथल्या चालवणाऱ्यांना विचारते, मग सही.

आंबेनळी

महाबळेश्वर मागं टाकलं की एका बाजूला डोंगर असतो आणि एका बाजूला काहीच नसतं. खाली सावित्रीचं खोरं धुरकट दिसत होतं. गवत करपलेलं, मध्येच पळस लाललाल. वर अंगात स्वेटर होता, प्रतापगडाचा फाटा येईपर्यंत तो मागच्या सीटवर गेला आणि काच खाली आली. हा घाट मला आवडतो. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा, हाताला काम असतं. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायचा, गिरणीच्या आवाजावरून दळण कळतं तसं.

एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. घाटाचा रिवाज साधा आहे, चढणाऱ्याला वाट द्यायची आणि उतरणाऱ्यानं मागं जायचं. एसटीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बघत बसला. त्याला काही घाई नव्हती, आणि त्यानंच मला जास्त घाई झाली. रिव्हर्स टाकला. मागं खडा चढ. अर्धा क्लच धरून गाडी मागं चढवायची, हे काम मी कितीदा केलंय त्याची मोजदाद नाही. गाडी हातभर मागं गेली आणि गुडघ्यात अशी कळ आली की पाय आपला आपण उचलला गेला. इंजिन बंद. गाडी एसटीच्या दिशेनं घरंगळली. उजव्या पायानं ब्रेक दाबला तो दाबूनच धरला.

माझ्या मागं एक जीप थांबली होती. तिच्यातून खाकी शर्टातला एक माणूस उतरला, वाकून माझ्या पुढच्या चाकाखाली लाकडाचा त्रिकोणी ठोकळा सारला आणि काचेशी येऊन म्हणाला, "सोडा ब्रेक आता. उटी लावलीय. कुटं जात नाय ती."

मी ब्रेक सोडला. गाडी हलली नाही.

"मागं घेऊ मी?" त्यानं विचारलं.

आजवर या घाटात मी कुणाच्या हातात स्टिअरिंग दिलं नव्हतं. उतरले आणि दिलं. डोळ्यात पाणी आलं ते त्याला दिसू नये म्हणून दरीकडं तोंड करून उभी राहिले. त्यानं आधी आपली जीप मागं घेतली, मग माझी गाडी. एसटी गेली. ड्रायव्हरनं हात वर करून आभार मानले, तेही मला चिडवल्यासारखे वाटले.

तो ठोकळा उचलून त्यानं पुसला तेव्हा दिसलं, त्याच्यावर वाळलेलं हळदकुंकू होतं. म्हणाला, "दसऱ्याला आमच्यात आदी उटीची पूजा करतात, मंग गाडीची." आमच्याकडं गाडीला हार घालतात, बॉनेटवर नारळ फोडतात. ठोकळ्याला कुंकू लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. विचार केला तर त्यांचंच बरोबर आहे.

पोलादपूर

त्याचं नाव चंदूभाऊ. पोलादपूरहून महाबळेश्वरला प्रवासी ने-आण करतो. घाट उतरून त्याला चहा पाजायचा मी धोशाच लावला, आणि मनात म्हटलं, चौकशी इथूनच सुरू.

"ऑटोमॅटिक?" त्यानं बशीत चहा ओतला. "नका घेऊ ताई. चढताना कोनपन चढल. उतरताना काय करनार? आमी ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरतो. इंजिन धरून ठेवतं गाडी. त्या तुमच्या गाडीत नुसता ब्रेक. पोलादपूर येईपर्यंत चाकातनं धूर."

"तुम्ही चालवलीय कधी?"

"नाय." एक घोट. "पन बगितलीय."

वडे तळणारा मध्येच बोलला, "माज्या स्कूटीलापन गिअर नाय. काय बिगडलं?"

"तुजी स्कूटी बाजारापर्यंत जाते," चंदूभाऊ म्हणाला. "आनि धक्का मारला तर तुजी गाडी चालू हुईल का ते इचार त्यांना शोरूममंदी. धक्क्याला चालू होत नाय अशी गाडी नसते."

मला त्याची मतं आवडली. पटली की नाही ते नंतर. वडा गरम होता, चटणी झणझणीत होती आणि समोर हायवेवरून गोव्याच्या गाड्या सुसाट जात होत्या. त्यातल्या निम्म्या तरी बिनगिअरच्या असतील, असं मनात आलं.

मी महाडला कुणाकडं चाललेय ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. "म्हंजे तुमी आमच्या काकींची भैन? आवो, आमी त्यांच्याच वाडीतले." दाजींची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आहे. तिथलाच हा.

महाड

आक्कानं दारातच विचारलं, "गुडगा कसा हाय?"

"बरा आहे."

"चंदूचा फोन आलेला," ती म्हणाली आणि आत गेली.

माझ्याआधी माझी फजिती महाडात पोचली होती. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. मी नेलेलं शाळूचं पीठ तिनं डब्यात भरलं, भरताना मूठभर नाकाशी धरून वास घेतला. दर वेळी घेते. महाडच्या गिरणीत तांदूळ आणि नाचणी दळतात, तिथल्या पिठाला हा वास नाही. मी तिला म्हणते, तिकडं येऊन गरम पीठ जात्याखालून घे एकदा. ती म्हणते, घाट हलव, मंग येते.

हात धुतल्यावर ती माझ्याशेजारी बसली. "सुमे, तू नको येत जाऊस आता."

"बरं. नको तर नको."

"रागावू नको गो. एसटीच्या तोंडाशी गाडी गेलेली. मला रात्रभर झोप लागनार नाय. त्यापेक्षा फोन बरा."

मी उठून भांडी घासायला घेतली, तिनं ती हातातून काढून घेतली, आणि आम्ही दोघी मोरीपाशी उभ्या राहिलो, एक घासत आणि एक नुसतीच.

वरचे भाडेकरू पाटणकर संध्याकाळी ड्यूटीवरून आले. औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहेत, स्वभावानं मोजूनमापून. त्यांच्याकडं दोन क्लचवालं ऑटोमॅटिक आहे. मी जिन्यातच गाठलं.

"गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "आत एक क्लच चालू गिअरचा, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. बदल कळतसुद्धा नाही. हायवेला तर विचारूच नका."

"आणि घाटात?"

त्यांनी चप्पल काढून जिन्याच्या पायरीवर नीट जोडून ठेवली. "घाटात नाही, पण गणपतीत मुंबईहून येताना कोंडी होती. गोगलगाईसारखं पुढं सरकत होतो. गिअरबॉक्स तापला आणि समोर सूचना आली, गाडी बाजूला घ्या. एका आंब्याच्या झाडाखाली आम्ही सगळे बसून राहिलो. आमच्या हिनं तिथंच मोदकाचा डबा उघडला."

"मग पुन्हा हीच गाडी घ्याल?"

"घेईन," ते म्हणाले. जिना चढता चढता म्हणाले, "पण गणपतीला एसटीनं येईन."

चौकशीचा गुंता वाढतच चालला होता. ज्यानं चालवली नाही तो ठाम नको म्हणतो, आणि ज्याला ती झाडाखाली बसवते तो घेईन म्हणतो.

वाडीत

दुसऱ्या दिवशी वाडीत पालखी घरी यायची होती. आमच्याकडं होळी म्हणजे एक दिवस पोळी आणि दुसऱ्या दिवशी अंगावरची राख झटकली की संपलं. इथं शिमगा घरोघर फिरतो, आणि त्याच्यासाठी मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात. पोलादपूरहून वाडीपर्यंत फार वळणं नाहीत, तेवढं आक्का सोसते. तरी एका हातात लिंबू आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होतीच. लिंबू नाकाशी धरून ती डोळे मिटून बसली.

वाडीत पोचल्यावर मला पहिल्यांदा दिसल्या त्या गाड्या. उतारावर एकामागं एक उभ्या, आणि सगळ्यांची तोंडं खाली. प्रत्येकीच्या चाकाखाली दगड नाहीतर ठोकळा. आमच्याकडं जागा मिळेल तशी गाडी घुसवतात. इथं कुणी आला की आधी वर जाऊन गाडी वळवून आणतो, मगच घरात पाणी पितो. का, तर सकाळी चालू झाली नाही तर उटी काढायची आणि सोडून द्यायची. उतार तिला चालू करतो.

त्याच रांगेत आक्काच्या पुतण्याची गाडी होती. नीलेश विरारला राहतो, दिवसभर कंपनीची टॅक्सी चालवतो. त्यानं घरासाठी घेतलेली सेडान नेमकी पट्ट्याची ऑटोमॅटिक. मला तर लॉटरीच लागली.

"मावशी, दिवसभर क्लच मारून डावा पाय लाकूड होतो," तो म्हणाला. "घरच्या गाडीत पायाला सुट्टी. एकदम स्मूद. टेन्शन नाय."

"दाखव की मग."

तो ओशाळला. "आज चालू होत नाय. रातच्याला गाणी लावलेली पालखीची, दारं उघडी ठेवून. बॅटरी बसली."

एवढं ऐकायचा अवकाश, माणसं जमली. बॅटरी बसली म्हणजे धक्का, याच्यात विचारायचं काय? चंदूभाऊ सगळ्यांच्या पुढं. नीलेश सांगत होता, "आरं, धक्क्यानं नाय होत ही. क्लच नाय हिला." कुणी ऐकेल तर शपथ. एक काका म्हणाले, "मुंबईला गेला नि आमाला शिकवतो." नीलेशला धरून सीटवर बसवलं. दिवे मिणमिणत होते तेवढ्यावर त्यानं लिव्हर न्यूट्रलला आणला. चंदूभाऊनं दगड काढला आणि सगळ्यांनी खांदे लावले. गाडी निघाली.

"सोड आता क्लच," चंदूभाऊ ओरडला.

"क्लच नाय, भाऊ."

"मंग जे काय हाय ते सोड."

गाडी उतारावरून मुकाट्यानं खाली निघाली, इंजिनाचा हूं नाही की चूं नाही. मागं ही सगळी माणसं, कुणी लेंगा धरून, कुणी डोक्यावरचा फेटा सावरत. खालच्या ओढ्यावरच्या मोरीशी नीलेशनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून ती कशीबशी थांबवली. सगळे धापा टाकत भोवती उभे राहिले. चंदूभाऊनं बॉनेटवर हात ठेवला, जणू ताप बघतोय.

"बिगडलीय," तो म्हणाला. "दुसरं काय नाय."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर पडलं. मग आक्का हसली, मग सगळेच, आणि शेवटी चंदूभाऊसुद्धा. त्यानं जीपमधून जंपर वायर आणल्या. मी माझी जुनी गाडी खाली नेऊन तिच्या नाकाशी नाक लावलं, आणि माझ्या गिअरवालीच्या बॅटरीवर ती बिनगिअरची चालू झाली. हे चंदूभाऊनं सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं.

"आता थोडी फिरवायला पायजे, बॅटरी भरेल," नीलेश म्हणाला. "मावशी, तुमीच घ्या की."

माझा डावा पाय

मी बसले, नीलेश मागं बसला. आक्का म्हणाली, मीपन येते, फिरून येताना वर वाडीत सोडा, चढ चढायला नको. लिंबू आणि पिशवी घेऊन पुढं बसली.

निघाल्यावर थोड्याच अंतरावर सवयीनं डावा पाय क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच, ब्रेकवर पडला. गाडी जागेवर खिळली, आक्काचं डोकं पुढं आलं. नीलेश शांतपणे म्हणाला, "डावा पाय मागं घ्या मावशी. तो नायच असं समजा." मी पाय सीटखाली ओढून घेतला. तिथं तो गुमान बसून राहिला, शाळेत उशिरा आल्यासारखा.

आंबेनळीच्या रस्त्याला लागलो आणि चढायला सुरुवात केली. मी काच खाली करून वास घेत होते. घसरणाऱ्या पट्ट्याचा वास मला झोपेतसुद्धा कळेल. नुसता करवंदीचा आणि तापलेल्या डांबराचा वास येत होता. इंजिन एका सुरात ओरडत होतं, हरभऱ्याची डाळ टाकल्यावर गिरणी ओरडते तसं, पण पट्टा काही घसरला नाही. वर एका रुंद जागी वळवून परत उतरायला लागलो तेव्हा नीलेशनं लिव्हर एकदम खाली, एलवर ओढायला सांगितला. गाडी स्वतःला धरून उतरायला लागली. माझी जुनी धरते इतकी घट्ट धरत नव्हती, अधूनमधून ब्रेक लावावा लागला. पण धूरबीर काही नाही. चंदूभाऊचं निम्मं खरं निघालं.

खरं सांगू का, मला मजा नाही आली. उजवा हात सारखा लिव्हरकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. चालवतेय असं वाटेना, कुणीतरी मला नेतंय असं वाटायचं. गुडघा मात्र चूप होता. मी मनात हिशेब मांडत होते, मजा की गुडघा, तेवढ्यात आक्का म्हणाली, "सुमे, तुजा हिसका कुटं गेला?"

"कसला हिसका?"

"तू गिअर टाकतेस तेवा माजं डोकं पुढं जातं नि पोट मागं ऱ्हातं. प्रत्येक वळनाला. ते आज नाय."

मी तिच्याकडं बघितलं. लिंबू मांडीवर पडलं होतं. पिशवी घडी करून कमरेला खोचलेली. इतकी वळणं झाली होती आणि आक्का डोळे उघडे ठेवून दरी बघत होती.

मला आधी राग आला. माझा गिअर लोण्यासारखा पडतो असं मी जगाला सांगत आले, आणि माझी सख्खी बहीण त्याला हिसका म्हणते. "वळणांनी होतं तुला, आक्का."

"वळनाचं काय नाय गो. तुज्या दाजींच्या होडीत पुरात बसलेय मी सावित्रीत, तेवा काय झालं नाय. ह्या हिसक्यानं होतं."

माझा विश्वास बसेना. वाडीत आल्यावर म्हटलं, आता माझ्या गाडीतून त्याच रस्त्यानं. "परीक्षा घेतेस माजी?" असं म्हणत ती बसली बिचारी. जपून चालवली, गिअर श्वास धरून टाकले. दुसऱ्या वळणाला लिंबू नाकाशी गेलं. त्याच्या पुढच्या वळणाला तिचा चेहरा पांढरा पडला आणि मी गाडी थांबवली. तिला उतरवून दगडावर बसवलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. ती पाणी पिऊन म्हणाली, "झाली खात्री?"

झाली. इतक्या जणांना विचारत सुटले होते, गिअर बरा की ऑटोमॅटिक. जो चालवतो त्यालाच विचारलं. बाजूला लिंबू घेऊन जी बसते तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि मी आजवर हाच घोर लावून बसले होते की माझं महाडला जाणं कसं टिकेल. आक्काच साताऱ्याला येऊ शकेल, हे माझ्या चौकशीत बसलंच नव्हतं.

वाडीतूनच शोरूमला फोन लावला. ती गोड पोरगी म्हणाली, "कुठलं ठरलं काकू?"

"पट्ट्याचं," म्हटलं. "आणि तुमच्या मॅनेजरला सांग, राळ लागत नाही."

निघताना चंदूभाऊ आला. त्याचं मत तसूभरही बदललं नव्हतं. "घेताय तर घ्या," म्हणाला, "पन ही डिकीत असू द्या," आणि एक नवी उटी हातात दिली. आक्कानं तिला तिथंच कुंकू लावलं.

पुन्हा आंबेनळी

नवी गाडी आल्यावर पहिल्यांदा महाडलाच गेले, आक्काला आणायला. तिनं घर पाटणकरांवर सोपवलं, तांदळाच्या पिठाचा डबा बांधून घेतला, माझ्या गिरणीवर विश्वास नसल्यासारखा. गाडीत बसताना लिंबू मुठीत आणि पिशवी मांडीवर. पोलादपूर सोडलं आणि चढायला लागलो तशी ती बोलायची थांबली. डावा पाय सीटखाली ओढून ठेवला होता आणि कान तिच्या श्वासाकडं लागले होते. एका वळणावर उतरणारा टेम्पो समोर आला. तो रिवाजानं मागं गेला, आम्ही पुढं निघालो.

घाट संपून वर आलो तेव्हा गार वारा होता. चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. लिव्हर पीवर टाकला, हँडब्रेक ओढला, आणि तरीही उतरून चंदूभाऊची उटी चाकाखाली लावली. आक्का अजून आतच बसली होती. काचेतून मागं, आलो त्या रस्त्याकडं बघत होती.

दार उघडून विचारलं, "कसं वाटतंय, आक्का?"

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "भूक लागलीय, सुमे."

टपरीवाल्यानं दोन बशा पोहे दिले. वर लिंबाची फोड नव्हती. आक्कानं मूठ उघडली, त्याचीच सुरी मागून लिंबू चिरलं आणि त्यातलं अर्धं माझ्या बशीत पिळलं.